टाचणीच्या टोकाएवढी जखम

वाटूर फाट्यावर, परतूरकडे वळणाऱ्या रस्त्याला, संपत हिवाळेचं पत्र्याचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. आसपासच्या पंचवीस-तीस गावांत, जिनिंगमध्ये, खडी केंद्रावर, वीटभट्टीवर तेलाच्या दाबावर चालणारं कुठलंही यंत्र अडलं, की लोक 'संपत पाईपवाल्या'ला फोन लावतात. संपत मोटारसायकलच्या मागं हत्यारांची पेटी बांधतो आणि निघतो.

माणूस कामाला पक्का, पण स्वभावानं काळजीखोर. बांधलेला नट तीनदा तपासणार, निघताना परत एकदा तपासणार, आणि अर्ध्या रस्त्यातून फोन करून विचारणार, "नटावर मारलेली खूण बराबर जागेवर हाय ना?" त्याची बायको केशरबाई म्हणायची की हा माणूस झोपेत पण गॅसचं बटण बंद करायला उठतो. ऑपरेटर लोक त्याची नक्कल करायचे. संपतला ते माहीत होतं. तो हसून सोडून द्यायचा.

ही काळजी त्याच्यात आली ती जालन्याहून. दहावीनंतर शाळा सुटली तेव्हा बापानं त्याला मस्तगडला रखमाजी नावाच्या मिस्त्रीकडं नेऊन सोडलं. रखमाजीचं होज पाईपचं दुकान होतं. रबरी पाईप मापानं कापायचा, दोन्ही टोकांना लोखंडी तोंडं दाबून बसवायची, असं काम. रखमाजीच्या डाव्या हाताचं पहिलं बोट मुळापासून नव्हतं. संपतला वाटायचं, मशिनीत गेलं असेल. वर्षभरानं रखमाजीनं स्वतःहून सांगितलं. एका रोलिंग मिलमध्ये पाईप झिरपत होता, म्हणून त्यानं अंधारात हात फिरवून बघितलं. काटा टोचल्यासारखं झालं. रक्त नाही, काही नाही. घरी जाऊन बोट गरम पाण्यानं शेकलं, हळद लावली. तिसऱ्या दिवशी बोट काळं पडलं, सातव्या दिवशी कापलं.

"गाडीच्या चाकात हवा असती ना," रखमाजी म्हणाला होता, "त्याच्या शंभरपट दाब असतो ह्या पाईपात. बारीक भोकातून तेल निघतं ते सुईवानी. कातडं फाडत न्हाई, नुसतं आत घुसतं. आणि आत गेलं की मांस सडवतं."

तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं झाली, संपतनं चालू यंत्राच्या पाईपाला कधी हात लावला नाही. पुठ्ठ्याचा तुकडा घ्यायचा, लांबूनच पाईपाच्या कडेनं फिरवायचा, ओलं झालं तिथं गळती. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की जगात सगळ्यांनाच ते माहीत असणार, असं तो धरून चालायचा.

डिसेंबरातला मंगळवार होता. संपत शहागडला, पुलाअलीकडच्या एका ढाब्यामागं, टिपरची ट्रॉली उचलणारा तेलाचा जॅक उतरवून बसला होता. सव्वानऊला सोमेश्वरचा फोन आला. सोमेश्वर वाटूरजवळच्या जिनिंगमध्ये छोटा लोडर चालवायचा. हा लोडर म्हणजे चार चाकांचा बुटका गडी, पुढं दोन लोखंडी हात, म्हणजे आर्म, आणि त्यांना बकेट, जागच्या जागी गिरकी घेणारा. कापसाचे ढीग ढकलून मशिनीच्या तोंडाशी नेणं हे त्याचं काम.

"संपतभाऊ, गाडी लई मंद चालून राह्यली."

"कशात मंद? नुसती बकेट, का उचलायला बी?"

"सगळ्यातच. सकाळी थंड व्हती तवर बराबर उचलत व्हती. अर्ध्या तासात मरगळली."

"तेलाची काच बघितली का?"

"बघितली. खालच्या रेघेच्या बी खाली गेलंय."

"फेस दिसतो का तेलात?"

"न्हाई."

"मंग कुठंतरी गळत असंल. तेल भर. आणि पाईप बघून ठेव, कुठून गळतंय ते. मी दुपारपर्यंत येतो."

एवढं बोलून संपतनं फोन खिशात टाकला आणि जॅकच्या रबरी वायसरीकडं वळला.

सव्वादहाच्या पुढं परत सोमेश्वरचा फोन. आवाज खुशीत होता.

"घावली बघा गळती! उजव्या जॅकच्या मागं, पाईप चौकटीला घासतोय ना, तिथं. इतका बारीक फवारा हाय, की डोळ्याला दिसंना. हातालाच कळला."

संपतच्या हातातला पाना तसाच राहिला. "हाताला म्हंजे?"

"काकासाहेबाला बसवलं सीटवर, त्यांनी आर्म उचलून धरले, आणि मी पाईपावरून हात फिरवला. टोचलं जरासं. पण जागा सापडली."

"सोमेश्वर, कुठं टोचलं?"

"बोटाला. उजव्या. काही न्हाई हो, काट्यावानी. टाचणीच्या टोकाएवढं बी न्हाई. रक्त सुदिक आलं न्हाई."

ढाब्यावर कुणीतरी पिठल्याला फोडणी दिली होती, तिचा ठसका सगळीकडं पसरला होता. संपत पाना टाकून उठला.

"ऐक. गाडी बंद कर. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नीघ. गावातल्या न्हाई, जालन्याला. बोट शेकू नको, चोळू नको."

सोमेश्वर हसला. "भाऊ, तुमचं बी... बाहेर पंधरा गाड्या कापूस घेऊन लागल्यात."

मागून काकासाहेबांनी फोन घेतला. काकासाहेब जिनिंगचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण हंगामाच्या दिवसांत त्यांना रांगेतल्या गाड्यांपलीकडं काही दिसत नसे. "संपतराव, कशाला पोराला भिववता? इथल्या डॉक्टरकडून धनुर्वाताचं इंजेक्शन देतो त्याला. तुम्ही पाईप घेऊन या, जल्दी."

"काकासाहेब, इंजेक्शनानं भागत न्हाई ह्याच्यात. तेल आत गेलंय..."

"तुमची सवयच हाय," काकासाहेब म्हणाले, आणि फोन बंद झाला.

संपत तिथंच खाली बसला. आपण काय बोललो होतो ते त्याला शब्दाला शब्द आठवलं. पाईप बघून ठेव. कशानं बघ, ते सांगितलं नव्हतं. हात लावू नको, एवढे तीन शब्द. नट तीनदा तपासणारा माणूस हे तीन शब्द विसरला होता.

त्यानं मुलीला फोन लावला. पायल जालन्यात एका खासगी दवाखान्यात नर्स होती, नोकरीला दोन वर्षं झाली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खरं तेच सांगितलं, "पप्पा, असं मी कधी बघितलं नाही. डॉक्टर मॅडमना विचारते. तेल कुठलं, दाब किती, किती वाजता लागलं, ते मेसेज करा."

संपतनं तेलाच्या डब्यावरचं लेबल आठवून नंबर लिहिला, दाब लिहिला, वेळ लिहिली. सव्वादहा. टिपरचा ड्रायव्हर ओरडत होता, "अहो मिस्त्री, माझी गाडी उघडी टाकून कुठं चाललात?" संपतनं त्याला हात जोडले आणि मोटारसायकलला किक मारली.

तीर्थपुरी गेली, घनसावंगी आली. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं अडकला, की तो हॉर्न दाबून धरायचा. दर दहा मिनिटांनी तो मनात वेळ मोजायचा. आता पाऊण तास झाला. आता तास. बोट सुजायला लागलं असेल. किंवा सुजलं नसेल, आणि मग तर कोणीच ऐकणार नाही. एकदा त्याला असंही वाटलं, की कदाचित नुसता काटाच असेल, तेल आत गेलंच नसेल, आणि आपण सगळ्या जिनिंगसमोर हसं करून घ्यायला चाललोय. तसं झालं तर बरंच, असं म्हणत त्यानं गाडी आणखी पळवली. घनसावंगीच्या पुढं पायलचा फोन आला. त्यानं कडेला थांबून घेतला.

"पप्पा, मॅडम म्हणतात हे खूप सीरियस असतं. जखम दिसते त्यावर जायचं नाही. बोट उघडून आतलं तेल धुवावं लागतं, आणि ते सहा तासांच्या आत केलं तर बरं. जालन्यात हाताचे सर्जन आज नाहीत. संभाजीनगरला मॅडमनी बोलून ठेवलंय. पेशंटला काही खायला-प्यायला देऊ नका, चहासुद्धा नाही, भूल द्यावी लागेल."

"तो येतच न्हाई म्हणतो, पायल."

"तुम्ही आणा," ती म्हणाली.

पावणेबाराला संपत जिनिंगच्या फाटकातून आत शिरला. लोडर चालू होता. सोमेश्वर आत बसून कापूस ढकलत होता. पाईपाला चिकटपट्टीचे वेढे मारले होते, त्यातून तेलाचं धुकं उडत होतं. आर्म वर जायला एरवी चार सेकंद लागायचे, आता लोडर कण्हत कण्हत अकरा-बारा सेकंद घेत होता.

संपत हात हलवत समोर गेला. सोमेश्वरनं बकेट खाली टेकवली आणि इंजिन मंद केलं. "आलात का? डॉक्टरला दाखवलं बरं का. इंजेक्शन झालं. दुखायची गोळी दिली."

"हात दाखव."

उजव्या हाताचं पहिलं बोट. शेंड्यापाशी एक लाल ठिपका, मुंगी चावल्यावर राहतो तेवढा. पण बोट भरल्यासारखं, ताठ झालेलं. कातडी पिवळट, तुकतुकीत. संपतनं आपल्या नखानं हळूच शेंड्याला स्पर्श केला.

"कळतं का?"

"न्हाई. बधिर झालंय. गोळीनं असंल."

"गोळीनं एकच बोट बधिर व्हत न्हाई."

काकासाहेब ऑफिसातून आले. "संपतराव, पाईप आणला का?"

संपतनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आत हात घालून लोडरची चावी फिरवली, बाहेर ओढली आणि शर्टाच्या खिशात घातली. इंजिन थांबलं. रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांनी माना वळवल्या.

"ही मिल कोणाची हाय?" काकासाहेबांचा आवाज चढला.

"तुमची. गाडी बी तुमची. पण बोट ह्याचं हाय," संपत म्हणाला. "काकासाहेब, माझी सवय हाय भ्यायची, खरंय. पण आज मी उगी न्हाई भेलो. माझ्या उस्तादाचं बोट असंच गेलं. त्याला बी पहिल्या दिवशी काही न्हाई झाल्तं. तिसऱ्या दिवशी काळं पडलं. आत्ता दीड तास झालाय. चार वाजायच्या आत हे उघडलं न्हाई, तर मंग बोट ठेवायचं का हात, एवढंच बघायचं ऱ्हाईल."

सोमेश्वरनं बोट डोळ्यांजवळ नेलं, पहिल्यांदाच नीट बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ठणकायला लागलंय मघापासून. मनगटापर्यंत."

काकासाहेब त्या बोटाकडं बघत राहिले. सीटवर बसून आर्म कोणी उचलून धरले होते, हे त्यांना तेव्हाच आठवलं असावं. त्यांनी कनवटीची किल्ली काढली. "माझी जीप घ्या. ड्रायव्हर तिथं बसलाय. चला, निघा, निघा."

वाटेत सोमेश्वरच्या रानाशी जीप थांबली. त्याची बायको वंदना कापूस वेचत होती, कमरेला ओटी बांधलेली. संपतनं बांधावरूनच हाक मारली. ओटीतला कापूस तिथंच ढिगावर ओतून ती धावत आली आणि विचारलं, "काय झालं?" सोमेश्वर म्हणाला, "काही न्हाई," आणि संपत म्हणाला, "जरा ऑपरेशन हाय." दोघांचं बोलणं एकाच वेळी झालं. वंदना दोघांच्या तोंडांकडं बघत जीपमध्ये चढली.

जालना येईपर्यंत बोट सुजून दुप्पट झालं होतं. सोमेश्वरनं हात उंच धरावा, असं पायलनं सांगितलं होतं, म्हणून वंदना त्याचं कोपर आपल्या हातावर तोलून बसली होती. एका ठिकाणी त्यानं चहा मागितला.

"घोटभर तरी द्या हो," वंदना म्हणाली. "सकाळधरून उपाशी हाय."

"न्हाई," संपत म्हणाला. तिच्या नजरेकडं त्यानं बघितलं नाही.

पायल रस्त्याच्या कडेला चिठ्ठी घेऊन उभीच होती. तिनं खिडकीतून बोट बघितलं आणि बापाकडं एकदा बघितलं. "थांबू नका," एवढंच म्हणाली.

संभाजीनगरला पोचायला तीन वाजले. सर्जन तरुण होते. चिठ्ठी वाचून त्यांनी फालतू प्रश्न विचारले नाहीत. हाताचा एक्स-रे काढला, सही घेतली, आणि पावणेचारला सोमेश्वरला आत नेलं.

बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर संपत आणि वंदना बसले. तिच्या पदराला कापसाचे तंतू आणि काटक्या लागल्या होत्या, त्या ती एकेक करून काढत होती.

"तुम्हाला कसं कळलं हो, एवढं मोठं हाय म्हणून?" तिनं विचारलं. "गावातल्या डॉक्टरला न्हाई कळलं."

संपतला गप्प राहता आलं असतं. रखमाजीची गोष्ट सांगून वेळ मारून नेता आली असती. "वहिनी," तो म्हणाला, "सकाळी त्यानं मला फोन केल्ता. गाडी मंद हाय म्हणून. मीच म्हणालो, पाईप बघ कुठं गळतंय. हात लावू नको, हे मी सांगितलं न्हाई. मला माहीत असून सांगितलं न्हाई."

वंदनाचे हात थांबले. ती उठली आणि समोरच्या रांगेतल्या खुर्चीवर, त्याच्याकडं पाठ करून बसली. संपतनं मान खाली घातली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

ऑपरेशनला दीड तास लागला. डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. बोट शेंड्यापासून तळहातापर्यंत उघडावं लागलं होतं. एवढ्याशा भोकातून गेलेलं तेल तळव्याच्या मध्यापर्यंत पसरलं होतं. जखम उघडीच ठेवली होती, दोन दिवसांनी पुन्हा आत बघून धुवायचं होतं. "बोट वाचेल असं वाटतंय," डॉक्टर म्हणाले, "पण आज नक्की सांगत नाही. उद्या सकाळी आला असता, तर मी हे बोललोच नसतो."

ते दोन दिवस संपतनं कसे काढले ते केशरबाईलाच माहीत. ताटावर बसायचा आणि उठायचा. दर दोन तासांनी पायलला फोन करायचा, आणि तिनं संभाजीनगरच्या वॉर्डातल्या नर्सला विचारून सांगावं, "रंग लाल आहे पप्पा, काळा नाही." मग त्याला अर्धा तास बरं वाटायचं.

पण जिनिंग थांबून चालणार नव्हतं, आणि लोडरची चावी अजून त्याच्याच खिशात होती. गुरुवारी तो गेला. बकेट जमिनीला टेकलेली आहे, हे त्यानं दोनदा बघितलं. इंजिन बंद ठेवून चालवायच्या दोन्ही दांड्या मागं-पुढं हलवल्या, आतला उरलेला दाब मरू दिला, तेल गार होईपर्यंत थांबला. मग पाईप उतरवला. चौकटीला घासून रबर झिजलं होतं, आतली तारेची जाळी उघडी पडली होती, आणि जाळीत एक भोक. उजेडाकडं धरलं तरच दिसत होतं.

जालन्याहून नवीन पाईप बनवून आणला. तो चौकटीला लागू नये म्हणून वळण बदलून बांधला. तेल भरलं. काकासाहेबांना सांगून आजूबाजूला कोणी उभं राहू दिलं नाही. स्वतः सीटवर बसून पोटापुढचा सुरक्षेचा आडवा दांडा खाली घेतला आणि आर्म उचलले.

चार सेकंद. गळती नाही.

काकासाहेबांनी सुस्कारा सोडला. संपतनं मात्र गाडी चालूच ठेवली. अर्धा तास कापूस ढकलला, आणि मग परत मोजलं. सात सेकंद. आणखी थोडा वेळ, नऊ. नव्या पाईपावर, भरल्या तेलावर, गाडी पुन्हा मरगळत होती.

"हे काय आता?" काकासाहेब म्हणाले.

संपतनं गाडी बंद केली. फिल्टर बदलून बघितला, फरक नाही. पंपाकडं तेल ओढणाऱ्या पाईपाच्या पट्ट्या तपासल्या, ठीक होत्या. गेज लावला. गार असताना दाब पूर्ण, गरम झाल्यावर पडतो. तेव्हा त्याचं लक्ष तेलाच्या टाकीकडं गेलं. लांबूनच तोंडावर वाफ आल्यासारखं वाटत होतं. त्यानं मागचं झाकण उघडलं, तेल थंड करायच्या कूलरसमोरची जाळी काढली.

आत कापूस होता. हंगामभर उडणारी रुईची धूळ, तंतू, सरकीचा भुगा, सगळं तेलाच्या ओशट धुक्यानं चिकटून, थरावर थर बसून, कूलरवर जाड गोधडी पांघरावी तसं झालं होतं. वारा आत जायला जागाच नव्हती. तेल तापायचं, पाण्यासारखं पातळ व्हायचं, पंपातून आतल्या आत निसटायचं, आणि गाडी मंद पडायची. तापल्या तेलानं रबरही कडक केलं होतं.

संपतनं ती गोधडी दोन्ही हातांनी सोलून काढली. हवा मारली, कूलर धुतला. गाडी तासभर चालवली. चार सेकंद. सव्वाचार.

तो खाली उतरला आणि त्या कापसाच्या लगद्याशेजारी बसला. त्या भोकातून तेल थोडं थोडं जात होतं, पण गाडी मंद होती ती त्यानं नाही. मंगळवारी सकाळी तो स्वतः आला असता, किंवा फोनवर एवढंच म्हणाला असता, की मागचं झाकण उघड आणि कूलर साफ कर, तर दिवस निघून गेला असता. काकासाहेबांना त्यानं हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "आता ते काढू नका, संपतराव. मी बी सीटवर बसलोच की." मग थोड्या वेळानं म्हणाले, "दवाखान्याचं मिल बघंल. सोमेश्वरला सांगा."

सोमेश्वरचं दुसरं ऑपरेशन झालं, मग तिसरं, मांडीची कातडी लावायचं. बोट राहिलं. अठरा दिवसांनी तो घरी आला. संपत भेटायला गेला नाही. रोज ठरवायचा आणि त्या गावच्या वळणावरून गाडी पुढं न्यायचा.

एके दिवशी वंदनाच दुकानात आली. उभ्या उभ्या म्हणाली, "डॉक्टरनं बोटाचा व्यायाम सांगितलाय, दिवसातून चार बारीनं. हे करत न्हाईत. दुखतं म्हणून हात उशीवर ठेवून बसतात. माझं ऐकत न्हाईत. तुम्ही भेडवायला लई हुशार हायेत म्हणं. या आणि भेडवा त्यांना."

संपतनं तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती. पण ती आली होती.

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून जायला लागला. मऊ रबरी चेंडू नेला होता. "दाब," म्हणायचा. सोमेश्वर ओठ चावून दाबायचा. बोट मुळाशी वाकायचं, मधल्या पेराशी अडायचं. "अजून," संपत म्हणायचा, आणि स्वतःच्याच कपाळावर घाम यायचा. एकदा सोमेश्वर चिडून ओरडला, "तुम्हाला दुखतंय का मला?" वंदना आतून चहा घेऊन आली, दोघांपुढं ठेवला.

सोमेश्वरनं त्याला कधीच बोल लावला नाही. फक्त एकदा, चेंडू खाली ठेवत, म्हणाला, "मी हात लावलाच असता, भाऊ. तुम्ही सांगितलं असतं तरी लावला असता. मला घाई व्हती." हे खरं का नुसतं धीर देणं, ते संपतला आजवर समजलेलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी, हंगाम संपत आला तेव्हा, सोमेश्वर पुन्हा कामावर आला. बोट आता मधल्या पेरापर्यंत वाकतं, शेंड्याला गरम-गार कळत नाही. सदऱ्याचं बटण तो दोन दुसऱ्या बोटांनी लावतो. काकासाहेबांनी त्याला वजनकाट्यावर बसायला सांगितलं होतं. तो म्हणाला, लोडरच चालवीन.

पहिल्या दिवशी संपत तिथं हजर होता. सोमेश्वर चढला, दांडा खाली घेतला, उजव्या हातानं मूठ पकडली. ते एक बोट मुठीवर न बसता ताठ राहिलं, कडेला. आर्म वर गेले, बकेट उलटली, कापूस धपकन पडला. एकदा, दोनदा, दहादा. बरोबर चाललं होतं.

दहा वाजता शहागडहून नव्या कामाचा फोन आला, मिस्त्री, कधी येताय? संपत म्हणाला, निघालोच. मग दोन पावलं पुढं जाऊन, लोडर गिरकी घेतो तेव्हा त्या बोटाला मुठीचा धक्का लागतो का, ते बघत उभा राहिला. अकरा वाजता पुन्हा फोन आला. तो अजून तिथंच होता.